चोवीसची सुई

२ डिसेंबर, सोमवार

आजपासून लिहाचं. सरकारी दवाखान्याची आशाताई उज्ज्वला सकाळीच तांड्यात आली आन् दोनशे पानाचं रजिस्टर माह्या मांडीवर ठेवून गेली. म्हने, "काका, यवतमाळच्या डाक्टरनं सांगतलं हाय. इन्सुलिनची सुई किती वाजता घेतली, जेवले किती वाजता, चक्कर कधी आली, त्या दिवशी घरात काय काय झालं, सारं लिहा. लपवू नका." मी म्हनलं, पोरी, एकतीस वर्षं एसटी हाकलली, एक दिवस लॉगशीट खोटी भरली नाई. तू मले काय शिकवतं?

बारकं दिसत नाई मनून जाड काळ्या मार्करनं लिहून राह्यलो. एका पानावर आठ ओळी बसतात.

आधी बिमाऱ्यांची हजेरी घेऊन टाकू. शुगर, बावीस वर्षं झाले. बीपी. किडन्या अर्ध्या कामातून गेल्या, मनून मीठ बंद. उजवा पाय दोन वर्षाआधी गुडघ्याखालून कापला. डाव्या टाचेले जखम हाय, चार महिन्यापासून भरत नाई. डोळ्याले लेझर मारून झालं, फायदा शून्य. वय एकाहत्तर. पन हात! हात अजून स्टेअरिंगवालेच हायेत. मूठ वळली का समोरच्याची बोलती बंद.

माही बायको रुपीबाई, तिच्याबी बिमाऱ्या कमी नाईत. डावा कान लग्नाच्या चवथ्या वर्षापासून बंद. उजवा खांदा वरतं जात नाई. समोरचे दोन दात नाईत. डाव्या हाताची करंगळी वाकडी. मले तर वाटते तिच्या माहेरच्या लोकायचं हाडच कच्चं.

महिन्याभरापासून मले झटके येऊन राह्यले. घाम फुटते, हात लटलट कापतात, डोळ्यापुढं पिवळं येते आन् मंग डोकंच फिरते. उज्ज्वला म्हने शुगर एकदम खाली पडते. काहून पडते, थे शोधाचं हाय. माह्या मनात काय हाय थे आज लिहीत नाई.

३ डिसेंबर, मंगळवार

सुई ८.००. जेवन ८.२०, बेसनाचं चून न भाकर. झटका नाई. थंडी लय.

५ डिसेंबर, गुरुवार

सुई ८.०५.

सुई रुपी भरते, सहा वर्षं झाले. मले सिरिंजवरच्या रेघा दिसत नाईत आन् तिले अक्षर येत नाई. उज्ज्वलानं तिले शिकवलं, विसाची मोठी रेघ आन् तिच्यापुढं चार बारक्या. चोवीस. रुपी खिडकीजवळ जाते, सिरिंज उजेडात धरते, रेघेवर नख ठेवते, ओठ हालवत मोजते. मंग माह्या पोटाले टोचते. त्या वेळी तिच्या तोंडाकडं पाह्यलं तर काईच समजत नाई.

ताट आलं ८.१० ले. वरनात मीठ नाई. मीठ बंद हाय थे मलेबी माहीत हाय, पन त्या वरनाले कुत्र्यानं तोंड लावलं नसतं. फेकलं ताट. तिच्या कपाळाले लागलं, रक्ताची धार नाकापर्यंत आली. चूक तिचीच हाय, ताट देऊन समोर उभं कायले राहाचं? नेम मातर अजून पक्का हाय.

रागात मी काईच खाल्लं नाई. १०.३० ले झटका. बनेन घामानं ओली. रुपीनं एका हातानं कपाळावरचं फडकं धरलं आन् दुसऱ्या हातानं माह्या तोंडात साखर कोंबली. पंधरा मिनटात ठीक.

लिहून ठेवतो: सुई तिच्या हातची होती.

८ डिसेंबर, रविवार

सुई ८.००. ताट ८.१५, फेकलं.

कारन असं का ती आता ताट माह्या हातात देत नाई. भुईवर ठेवते आन् झाडूच्या दांड्यानं खाटेकडं सरकवते. मंग दारात जाऊन बसते. माही कुबडी जिथवर पोहोचते त्याच्या वीतभर पलीकडं, बरोबर. आधी मले वाटलं मान ठेवते. जुन्या बायका नवऱ्यासमोर दूरच बसत. आज पारखून पाह्यलं, कुबडी हातानं न मारता फेकून मारली. गुडघ्याले बसली. "याडी वं," मनून आईले हाक मारत ती तिथंच वाकली. म्हंजे मान नव्हता, हिशेब होता!

१०.४५ ले झटका. पुन्हा साखर. उपाशीच होतो. सुई तिचीच.

१२ डिसेंबर, गुरुवार

९, १० आन् ११ तारखेले सुई आठ वाजता, जेवन सव्वाआठले, झटका नाई. कारन मी तिच्यावर पाळत ठेवली होती. चोराले माहीत असते पोलीस कधी जागा हाय.

आज सुई ८.०० ले झाली. मी म्हनलं थांब, आधी दाढी करतो. तर मले म्हनते, "आधी खाऊन घ्या, सुई झाली हाय." मले! हुकूम! ज्याच्या भोंग्यानं नेरच्या स्टँडवर गर्दी बाजूले होत होती त्याले ही बाई सांगनार कधी खावं! दाढीचा मग फेकला, ताटबी फेकलं. थो मग तिच्या खांद्याले लागला, थोच उजवा खांदा. तिनं भाकर उचलली, झाडली, पुन्हा सरकवली. म्या पायानं लोटून देल्ली.

११.०० ले झटका, लय मोठा. आरसा फोडला म्हने मी. मले अर्धंच याद हाय.

आता लिहून टाकतो. ही बुढी मले मारून राह्यली. एक रेघ इकडची तिकडं केली का मानूस खपला, आन् कोनाले पत्ता नाई. मले रेघ दिसत नाई थे तिले चांगलं माहीत हाय. पंचेचाळीस वर्षाचा राग सिरिंजमधी भरते ती.

पंचेचाळीस वर्षाचा राग कायचा, असं कोनी इचारलं तर मले सांगता येनार नाई. घरात कधी उपाशी ठेवली नाई तिले.

१४ डिसेंबर, शनिवार

सुई ८.००. जेवन ८.१५. झटका नाई.

टाचेची पट्टी बदलली तिनं. मी खाटेवर पालथा पडतो आन् ती भुईवर बसते, नाक जखमेजवळ नेऊन वास घेते. वास आला का पाय गेला, असं डाक्टरनं सांगतलं होतं. तिच्या बोटायले जरासाबी धक्का नसतो. पालथा असलो का माहा हात तिच्यापर्यंत जात नाई, मनून तेवढा वेळ ती सैल बसते. बोलतेबी. आज सांगत होती शेजारच्या भुरीबाईच्या गाईले गोऱ्हा झाला.

पडल्या पडल्या मले तिच्या कानाचं आठवलं. मी राळेगावची फेरी करून आलतो. ती लुगडं धुऊन राह्यलती, मी हाक मारली, तिनं पाह्यलं नाई. एकच हानली. खरं म्हंजे तिले पान्याच्या आवाजात ऐकूच आलं नव्हतं, थे मले तेव्हाच समजलं होतं. मंग तर तिले कधीच ऐकू आलं नाई त्या कानानं.

हे कायले लिहिलं मी? लॉगशीटमधी असं लिहीत नसतात. राहू द्या आता, मार्कर खोडता येत नाई.

१७ डिसेंबर, मंगळवार

सुई ८.०५. ताट ८.१०. फेकलं. कारन आठवत नाई.

१०.३० च्या सुमारास झटका. रुपी साखर घेऊन आली. मले वाटलं साखर नाई, दुसरंच काई हाय. तिचा हात माह्या तोंडाजवळ आला आन् मी तिचा गळा धरला. दोन्ही हातानं धरला. तिनं माह्या मनगटाले नखं मारले, पाय झाडले, डबा पडला, साखर भुईभर झाली. तिचे डोळे मोठे झाले. भुरीबाई न तिच्या सुना धावत आल्या, तिघींनी मिळून माहे बोटं एक एक करून सोडवले. एकीनं माह्या तोंडात गूळ घातला तेव्हा मी शांत झालो.

सारे म्हनतात, झटक्यात होतं, याले याद नसन. मीबी हाव म्हनलं.

पन उज्ज्वला म्हने लपवू नका. तर लिहितो. याद हाय. शेवटी शेवटी पूर्ण याद हाय. मी सोडू शकत होतो.

रुपीच्या गळ्यातून आता शिट्टीसारखा आवाज येते. पानीबी गिळता येत नाई तिले. संध्याकाळी खिचडी मातर करून देल्ली.

१८ डिसेंबर, बुधवार

सुई ८.००. जेवन ८.२०. झटका नाई.

संगीता आली नेरवरून, आमची एकुलती पोरगी. आईचा गळा पाह्यला आन् दारातूनच ओरडली, "बा, तुले लाज वाटते का? एक पाय गेला, दुसरा चालला, तरी तुही मस्ती जात नाई? मी याडीले घेऊन जातो. आन् जाता जाता पोलिसात रिपोर्ट देतो."

मी म्हनलं, दे ना! मीच देतो रिपोर्ट, मले सुईनं मारून राह्यली मनून. ह्या रजिस्टरात तारीखवार पुरावा हाय.

ती माह्याकडं अशी पाहत राह्यली का मले जिंकल्यासारखं वाटलं. मंग मी तांड्याच्या नायकाकडं निरोप धाडला. देवराव नायक म्हंजे माह्याच वयाचा, संगतीनं ढोरं चारले आम्ही. म्हनलं, नसाब बसव. तांड्याचा न्याय तांड्यात होऊ दे. पोलीस येऊन काय करतीन? नसाबीत सारे जुने लोक बसतात, सुई कोनाच्या हातात हाय थे त्यायले लगेच समजन.

संगीता रविवारपर्यंत थांबतो म्हनली. आईजवळ झोपते.

२२ डिसेंबर, रविवार

सुई ८.००. जेवन ८.१०, ताट पुरं खाल्लं. नसाबीत झटका आला असता तर लोक म्हनले असते याचं डोकं फिरलं.

नसाब सेवालाल महाराजाच्या देवळासमोर बसली, साडेनऊले. मले दोघांनी खुर्चीसकट उचलून नेलं. मानसं ओट्यावर, बाया भिंतीकडून. नायक म्हने, "डोंगरसिंग भिया, फिर्याद तुही हाय. बोल. पन समजून बोल, नसाबीत काढलेला शब्द घरी नेता येत नाई." मी उभा राह्यलो, कुबडीवर, एका पायानं. सांगतलं का ही बाई माह्या सुईत जास्त औषध भरते, मले मारून टाकाचा इचार हाय, आन् पुरावा म्हंजे हे रजिस्टर. एकबी दिवस खोटा नाई याच्यात.

नायकानं उज्ज्वलाले बोलावलं. "तूच देल्लं ना रजिस्टर? वाच."

ती वाचत गेली. मोठ्यानं, तारीखवार. मी मान ताठ करून बसलो. माहे अक्षर तिले बरोबर लागत होते. पाच तारीख, आठ तारीख, बारा तारीख. कानाचंबी वाचलं तिनं, मी हात केला का थे सोड, तरी वाचलं. सतरा तारखेच्या शेवटच्या दोन ओळी तिनं हळू वाचल्या. मले वाटलं, आता रुपीचं काई खरं नाई.

उज्ज्वलानं रजिस्टर बंद केलं. म्हने, "काका, ही सुई घेतली का अर्ध्या घंट्यात जेवा लागते. नाई जेवलं तर शुगर पडते. मी तुम्हाले दहा वेळा सांगतलं. चार डाव तुम्ही ताट फेकलं, चारी डाव झटका आला. ज्या दिवशी जेवले त्या दिवशी एकबी नाई. काकूनं चोवीसच भरली. तुमच्याच हातानं लिहिलं हाय तुम्ही."

हे तर तिले कोनी शिकवून ठेवल्यासारखंच झालं! मी म्हनलं, ही पोरगी बायायच्या बाजूची. भुरीबाईनं पदर तोंडाले लावला.

नायकानं इचारलं, "रुपीबाई, तुले बोलाचं हाय?"

रुपी उठली. चांगला कान नायकाकडं केला. गळा बसलेला, तरी साऱ्यायले ऐकू गेलं. जसं बोलली तसं लिहितो.

"एक डाव भरलती मी. पुरी. चाळीस. दिवाळीच्या आधी ह्यानं खांदा उतरवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी. खिडकीजवळ उभी राह्यली, पुरी भरली. मंग ह्याच्याकडं पाह्यलं. पोट उघडं करून, डोळे मिटून पडला होता, लेकरासारखा. मी सुई मातीत सोडली. दुसरी भरली, चोवीस. तेव्हापासून रोज सकाळी मले त्या खिडकीजवळ भेव वाटते. ह्याचं नाई, माहं. आता मले थो हात माह्यावर नको आन् थी सुई माह्या हातात नको."

मी ओरडलो, "पाहा! कबूल केलं! लिहून घ्या!"

देवराव म्हने, "डोंगरसिंग, बस खाली." भिया म्हनला नाई.

निकाल असा का रुपीबाई वाटेल तिथं जाईन, कोनी आडवाचं नाई. माह्या फिर्यादीबद्दल निकालात एक शब्द नाई.

२३ डिसेंबर, सोमवार

सुई ८.००, शेवटची तिच्या हातची. जेवन ८.१५.

पट्टी बदलली तिनं, घर झाडलं, साखरेचा डबा खाटेजवळ ठेवला. नव्या सिरिंजा कुठं हायेत थे सांगतलं. संगीता बाहेर ऑटोजवळ उभी होती. रुपी दाराकडं निघाली तेव्हा मले उठाचं होतं. काई म्हनाचंबी होतं, पन काय थे ठरत नव्हतं. मी कुबडी उचलली. टेकाले उचलली होती, देवाशपथ टेकाले. तिनं पाह्यलं आन् पळाली. सहासष्ट वर्षाची बाई, गुडघा सुजलेला, पळाली दाराबाहेर.

मी कुबडी तशीच हातात धरून बसलो, दुपारलोक.

२४ डिसेंबर, मंगळवार

आज उज्ज्वलानं भरून देल्ली, दारात दोन बाया उभ्या करून. म्हने मंगळवार आन् शुक्रवारीच येता येईन, बाकी दिवस कोनाले तरी शिकवून ठेवा, नाई तर दवाखान्यात भरती व्हा. दवाखान्यात गेलो का पाय कापतात. नाई म्हनलं.

भुरीबाईले निरोप धाडला, तू शिकून घे. ती दारातूनच बोलली, "भाऊजी, जिनं सहा वर्षं भरली तिच्यावर तुम्ही साऱ्या तांड्यासमोर खुनाचा आळ घेतला. उद्या माह्यावर घेसान. भाकर देईन, सुईले हात लावनार नाई." चार घरी इचारलं, चारी घरी हेच उत्तर. नायकाच्या घरी तर कोनी बाहेरच आलं नाई.

भुरीबाईनं भाकर उंबऱ्यावर ठेवली आन् काठीनं आत सरकवली. तीबी.

२६ डिसेंबर, गुरुवार

काल सुई नाई. आज माही मीच भरली, खिडकीजवळ बसून. रेघ दिसली नाई, नखाले लागलीबी नाई. किती भरली देव जाने. अंदाजानं टोचली. ताट फेकलं नाई, एक कन सोडला नाई, तरी १०.०० ले झटका. खाटेवरून पडलो. डबा उघडला नाई लवकर, दातानं उघडला. साखर खात भुईवर पडून राह्यलो. मले भेव वाटलं. एकतीस वर्षात घाटात ब्रेक फेल झाला तेव्हाबी एवढं वाटलं नव्हतं.

पट्टी तीन दिवसाची हाय. वास कसा घेनार, टाच नाकापर्यंत येत नाई.

२९ डिसेंबर, रविवार

२७ ले उज्ज्वलाची सुई. काल आन् आज नाई घेतली.

दुपारी नेरले फोन लावला. संगीतानं उचलला, मी म्हनलं आईले दे. मंग तिचा श्वास ऐकू आला, थो शिट्टीवाला.

मी म्हनलं, "चांगल्या कानाले लावला का?"

"हाव."

"जेवली?"

"हाव."

"घर खायाले उठते, रुपी."



"चुकलं माहं," असं म्हनाचं होतं मले. तोंडात आलतं. पन निंघालं दुसरंच, "कधी येतं?"

ती म्हने, "तुमचा हात उठाचा बंद झाला का येईन." आन् फोन ठेवला.

मी फोन हातात धरून इचार करत राह्यलो. नाई म्हनली नाई ती. येनारच नाई असं म्हनली नाई. येईन म्हनली. अट हाय, पन अट म्हंजे काई नकार नसतो. मन एकदम हलकं झालं माहं. भुरीबाईची भाकर पुरी खाल्ली.

३१ डिसेंबर, मंगळवार

चार दिवस झाले, सुई नाई. उज्ज्वला आलती सकाळी. कडी मी रातीच सरपटत जाऊन आतून घातली होती, खाटेवरूनच म्हनलं, संगीतानं मानूस धाडला होता, त्यानं देल्ली. लॉगशीटमधी खोटं लिहीत नाई, तोंडानं बोललो एवढंच.

तहान लय लागते, घागर संपली. लघवीले उठनं होत नाई, खाटेवरच होते. टाचेपासून घोट्यापर्यंत काळं दिसते, मले बारकं दिसत नाई पन हे दिसते. वास आता आपोआप येते, नाक न्या लागत नाई.

सकाळी मूठ वळून पाह्यली. अंगठा बोटावर येत नाई. कुबडी उचलून पाह्यली, छातीपर्यंतच आली आन् सुटली. मार्कर तीन डाव पडला, एवढं लिहाले घंटा लागला. ठीक चाल्लं हाय. अजून दोन-तीन दिवस गेले का हात पुरा पडन.

मंग संगीताच्या फोनवर सांगाचं, रुपी, ये आता, उठत नाई हात. येईन ती. बोललेला शब्द मोडनारी बाई नाई थी.